फितऱ्याचा भाव आणि निराधारचा पगार

रमजानचा महिना अर्ध्यावर आला की परभणी, पाथरी, गंगाखेड, जिंतूरच्या मशिदींमध्ये एका आकड्याची वाट पाहिली जाते. नमाज संपली की कुणीतरी विचारते, "यंदा फितरा किती?" मग उलेमा बाजारातल्या गव्हाचा भाव पाहतात, हिशेब करतात आणि तो आकडा फळ्यावर लागतो. घरात जितकी माणसे, तितक्या पट रक्कम ईदच्या नमाजाआधी गरजूंच्या हाती पोचवायची असते. रात्री जन्मलेल्या बाळाचाही फितरा बाप देतो. हेतू साधा आहे. ईदच्या दिवशी गावात कुणी उपाशी राहू नये आणि कुणाला हात पसरावा लागू नये.

हिंदू शेजाऱ्यांना फितरा म्हणजे दानाचा एक प्रकार एवढे साधारणपणे ठाऊक असते. पण त्यातली एक बारीक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात घेण्यासारखी आहे. फितरा रुपयांत ठरलेला नाही, तो धान्यात ठरलेला आहे. गव्हाचे माप पावणेदोन किलोच्या आसपास धरतात. काही परंपरांत ते दोन किलोहून थोडे अधिक आहे. जव, खजूर किंवा मनुका दिल्या तर माप याच्या दुप्पट. चौदाशे वर्षांत नाणी बदलली, राज्ये बदलली, दिरहम जाऊन हाली सिक्का आला, तोही जाऊन आजचा रुपया आला. माप मात्र तेच राहिले. गहू तीस रुपये किलो असेल तर फितऱ्याचे रुपये एक होतात, चाळीस झाला तर दुसरे होतात. गरिबाच्या ताटात पडणारी भाकरी तेवढीच राहते.

जकातीचेही तसेच. जकात कुणावर लागू होते, याची मर्यादा साडेबावन्न तोळे चांदी किंवा साडेसात तोळे सोने अशी आहे. साडेबावन्न तोळे म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम. चांदी लाख रुपये किलो असेल तर ही मर्यादा एकसष्ट हजारांच्या घरात जाते, चांदी उतरली की मर्यादाही उतरते. दर वर्षी कुणी अर्ज करावा, मोर्चा काढावा, मग मर्यादा बदलावी, असे नाही. बदल नियमातच बसवलेला आहे.

पाडवा आणि सालगडी

ही समज एका धर्माची मक्तेदारी नाही. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला ती चांगली ठाऊक आहे. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला होता आणि ईद त्याच्या दुसऱ्या दिवशी. पाडव्याला सालगड्याचे साल ठरते. रोख किती हे बोलले जातेच, पण त्यासोबत ज्वारी किती, गहू किती, कपडे, चपला हेही ठरते. जुने सालगडी रोखीपेक्षा ज्वारीच्या पोत्यांवर अडून बसायचे. रोख रक्कम आषाढापर्यंत आटते, पोत्यातली ज्वारी तेवढीच राहते, हा त्यांचा अनुभव होता. गावगाड्यातले बलुतेही खळ्यावर धान्याच्या रूपानेच मिळे. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता आणि ती गेली हे बरेच झाले. पण धान्यात ठरलेले देणे महागाईने कुरतडले जात नाही, हे तिला माहीत होते.

इस्लामी इतिहासातला एक प्रसंगही इथे आठवतो. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी प्रजेला द्यायचे नियमित अनुदान ठरवताना आधी अंदाज घेतला, असे नवव्या शतकातला इतिहासकार बलाझुरी नोंदवतो. मोजून पीठ मळले, रोट्या भाजल्या, माणसांना एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी पोटभर जेवू घातले आणि मग एका माणसाला महिन्याला किती धान्य लागते हे ठरवले. पोट किती लागते हे आधी मोजले, तिजोरीचा हिशेब त्यानंतर मांडला.

आता याच कसोटीवर आजचे सरकारी अनुदान लावून पाहावे.

दोनशे रुपयांची गोष्ट

तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात कुठल्याही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेले तर एक प्रश्न कानावर पडतो, "निराधारचा पगार आला का?" सरकारी कागदावर त्याचे नाव संजय गांधी निराधार अनुदान योजना किंवा श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. लोकांच्या तोंडी तो पगार. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण आणि पासष्टी ओलांडलेले निराधार वृद्ध यांचा तो महिन्याचा आधार असतो. जुलै २०२३ पासून ही रक्कम १५०० रुपये झाली, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. घरगुती गॅसची एक टाकी भरली तरी निम्म्याहून जास्त पगार संपतो.

पासष्टीच्या पुढच्या, दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असलेल्या आजीबाईंना मिळणाऱ्या या १५०० रुपयांत राज्याचे १३०० आणि केंद्राचे २०० असतात. हे २०० रुपये नीट पाहण्यासारखे आहेत. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, तेव्हा केंद्राचा वाटा ७५ रुपये होता. २००६ मध्ये तो २०० झाला. पुढे योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले, २०११ मध्ये वयाची अट पासष्टवरून साठवर आली आणि ऐंशी वर्षांपुढच्यांना ५०० रुपये मिळू लागले. पण साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धांसाठी केंद्राचे २०० रुपये २००६ पासून जागचे हललेले नाहीत. विधवा आणि दिव्यांगांसाठीचे ३०० रुपयेही २०१२ पासून तेवढेच आहेत.

या काळात महागाई किती वाढली? औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने मोजले तर २००६ पासून आजवर किमती जवळपास साडेतीन पट झाल्या आहेत. त्या वेळच्या २०० रुपयांत जे येत होते, त्याला आज सुमारे ७०० रुपये लागतात. उलट बाजूने सांगायचे तर आजच्या २०० रुपयांची खरेदीची ताकद २००६ च्या साठ रुपयांएवढीही उरलेली नाही. सरकारने कधीही पेन्शन कमी केल्याचा आदेश काढला नाही. तरी ती सत्तर टक्क्यांहून अधिक कमी झाली आहे. २०१७ च्या डिसेंबरात देशातल्या साठ अर्थतज्ज्ञांनी तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांना पत्र लिहून हा वाटा किमान ५०० रुपये करावा, असे सुचवले होते. आकडा बदलला नाही.

राज्य सरकारचे श्रेय राज्य सरकारला दिले पाहिजे. केंद्राचा वाटा गोठलेला असताना महाराष्ट्राने आपला वाटा वाढवत नेला. एकूण रक्कम २०१९ पर्यंत ६०० होती, त्या वर्षी विधानसभा निवडणुकीआधी ती १००० झाली आणि जुलै २०२३ पासून १५०० झाली. पण या वाढीची पद्धत पाहावी. कित्येक वर्षे काहीच नाही, मग निवडणुकीच्या हंगामात एकदम उडी, मग पुन्हा शांतता. दोन उड्यांच्या मधली वर्षे ज्याच्या म्हातारपणात येतात, त्याने काय करायचे, याचे उत्तर या पद्धतीत नाही.

ज्यांना महागाई भत्ता मिळतो

महागाईची नियमित भरपाई सरकारला जमत नाही, असे नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता दर वर्षी जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. त्यासाठी कामगार ब्यूरोचा निर्देशांक वापरतात. १ जुलै २०२३ ला हा भत्ता ४६ टक्के होता, १ जुलै २०२४ ला ५३ टक्के झाला. याच मापाने निराधारचा पगार मोजला असता तर जुलै २०२३ चे १५०० रुपये वर्षभरातच सुमारे १५७० झाले असते. सत्तर रुपये ऐकायला किरकोळ वाटतात. पण एकट्या म्हातारीला ती दीड-दोन किलो ज्वारी असते, दर महिन्याची.

रोजगार हमीची मजुरीही शेतमजुरांच्या निर्देशांकाशी जोडलेली आहे आणि दर एप्रिलला बदलते. महाराष्ट्रात ती २०२३-२४ मध्ये २७३ रुपये होती, २०२४-२५ मध्ये २९७ झाली. ही वाढ पुरेशी आहे का, यावर वाद आहे, पण वाढीची तारीख तरी ठरलेली आहे. शाळेच्या पोषण आहारातही तेच. डाळ, तेल, भाजी यांसाठी प्राथमिकच्या एका मुलामागे मिळणारा खर्च १ डिसेंबर २०२४ पासून ५.४५ वरून ६.१९ रुपये झाला आणि तो ठरवताना कामगार ब्यूरोने ग्रामीण भागातल्या भावांची आकडेवारी पुरवली.

कर्मचारी, रोहयो मजूर आणि शाळकरी मूल या तिघांची महागाई मोजली जाते. विधवा, दिव्यांग आणि वृद्ध यांची नाही. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. महागाई भत्त्याची कल्पना आपल्याकडे रुजली ती मुंबईच्या कापड गिरण्यांत, आणि ती टिकली कामगारांच्या संघटनेमुळे. १९६३ मध्ये मुंबईचा निर्देशांक महागाई कमी दाखवतो, अशी तक्रार झाली तेव्हा कामगारांनी शहर बंद पाडले. सरकारला अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि निर्देशांक दुरुस्त करावा लागला. निराधारांकडे बंद पाडण्यासारखे काही नाही. त्यांची संघटना व्हरांड्यातल्या रांगेपुरतीच असते.

संघटना असूनही सगळ्यांना यश येतेच, असे नाही. ईपीएस-९५ योजनेखालची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १००० रुपयांवर थांबलेली आहे. एसटी, साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी संस्था यांतून निवृत्त झालेली माणसे तिच्यावर आहेत. त्यांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीने शेजारच्या बुलढाण्यात २०१८ पासून साखळी उपोषण चालवले. मागणी ७५०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता, अशी आहे. त्यातला भत्त्याचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. नुसते ७५०० मिळाले तर आणखी दहा वर्षांनी पुन्हा मंडप घालावा लागेल.

धान्याचे रुपये झाले तेव्हा

परभणी जिल्ह्याने याच प्रश्नाचा एक धडा अगदी अलीकडे घेतला आहे. २०१५ पासून मराठवाड्याचे सगळे जिल्हे, अमरावती विभाग आणि वर्धा अशा चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डावरच्या शेतकऱ्यांना दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळत असे, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने. २०२२ मध्ये केंद्राकडून या योजनेसाठीचे धान्य मिळणे थांबले. २०२३ पासून राज्याने धान्याऐवजी माणशी १५० रुपये खात्यात जमा करायचे ठरवले. पुढे २०२४ मध्ये ते १७० झाले.

हिशेब सोपा आहे. पाच किलोचे १५० म्हणजे किलोला तीस रुपये, १७० म्हणजे चौतीस. दुकानातून घेताना किराणावाला सरकारी दर विचारत नाही. शिवाय पाच किलो हे पाच किलोच राहतात, १७० रुपये मात्र दर वर्षी थोडे थोडे झिजतात. एकदा वीस रुपयांची वाढ झाली हे खरे, पण पुढची कधी आणि कोणत्या मापाने होणार हे कुठे लिहिलेले नाही. फितऱ्याचा हिशेब ज्याला कळतो, त्याला इथले नुकसान लगेच दिसेल. देणे मापातून काढून रुपयांत घातले, पण रुपयाला मापाशी बांधून ठेवणारी दोरी लावायची राहिली. अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीतल्या कुटुंबांचे पाच किलो मात्र २०१३ च्या कायद्यापासून आजवर तेवढेच टिकून आहेत, कारण ते किलोत लिहिलेले आहेत.

उत्पन्नाची न हलणारी भिंत

रक्कम झिजते हे दिसते तरी. दुसरी झीज दिसतही नाही. निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे. २१,००० म्हणजे महिन्याला १७५० रुपये, तेही सगळ्या कुटुंबाचे. रोहयोच्या २०२४-२५ मधल्या २९७ रुपये मजुरीने घरातल्या एकाने वर्षात ७१ दिवस काम केले, तर कुटुंब या मर्यादेच्या वर जाते. म्हणजे एका सरकारी योजनेने हक्काचे म्हटलेले काम पूर्ण केले, तर दुसऱ्या सरकारी योजनेच्या दृष्टीने ते घर निराधार उरत नाही.

मजुरी दर एप्रिलला वाढते, भिंत जागेवरच राहते. त्यामुळे गरिबी कमी न होताही पात्र माणसांची संख्या कागदावर घटत जाते. मग तलाठ्याकडून २१,००० चा दाखला मिळवण्याची कसरत सुरू होते. दाखला देणाऱ्यालाही खरे काय ते माहीत असते आणि घेणाऱ्यालाही. नियमच असा आहे की खरे बोलणारा बाहेर राहतो. मुख्यमंत्री लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाख आहे. तिथली मर्यादा जास्त आहे, अशी तक्रार करण्याचे कारण नाही. दोन्ही योजना एकाच सरकारच्या आहेत, तर पंचवीस हजारांच्याही आत गरिबी संपते असे एका खिडकीवर का मानावे, एवढाच प्रश्न आहे.

मार्ग अवघड नाही

यावर पहिला आक्षेप तिजोरीचा असतो. तो खोटा नाही. लाभार्थी मोठ्या संख्येने आहेत आणि राज्यावर कर्ज आहे. पण दर वर्षी चार-पाच टक्क्यांची ठरलेली वाढ अर्थसंकल्पात आधीच धरता येते. कित्येक वर्षांनी एकदम पन्नास-साठ टक्क्यांची उडी मारणे तिजोरीलाही जास्त जड जाते. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने आणि १९७५ पासून प्रत्यक्षात सामाजिक सुरक्षा पेन्शन महागाईप्रमाणे आपोआप वाढते. त्याआधी प्रत्येक वाढीसाठी संसदेत कायदा करावा लागे. आपल्याकडे राजस्थानने २०२३ मध्ये किमान उत्पन्न हमीचा कायदा केला. त्यात किमान १००० रुपयांची पेन्शन दर वर्षी पंधरा टक्क्यांनी वाढेल, पाच टक्के जुलैत आणि दहा टक्के जानेवारीत, असे लिहिले आहे. तिथे वाढ ही मेहेरबानी राहिली नाही, ती कायद्याचा भाग झाली.

दुसरा प्रश्न निर्देशांकाचा. कोणते माप वापरायचे? औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा सुमारे ३९ टक्के आहे, शेतमजुरांच्या निर्देशांकात २०२४ मध्ये तो सुमारे ६९ टक्के होता. निराधार म्हातारीचा खर्च दुसऱ्याच्या जवळ जातो. डाळ, तेल, कांदा महागला की तिचा महिना कोलमडतो. टीव्ही स्वस्त झाला याचा तिला उपयोग नसतो. तेव्हा शेतमजुरांचा किंवा ग्रामीण मजुरांचा निर्देशांक धरणे न्यायाचे होईल. दर महिन्याला तो प्रसिद्ध होतोच, नवे खाते उघडण्याची गरज नाही.

मागणी तीन ओळींत मावते. निराधार आणि श्रावणबाळ योजनेची रक्कम, तसेच धान्याऐवजी मिळणारे १७० रुपये, दर वर्षी १ एप्रिलला निर्देशांकाप्रमाणे वाढावेत. उत्पन्नाची मर्यादा आधी वास्तवाला धरून ठरवावी आणि मग तीही दर वर्षी त्याच मापाने सरकावी. केंद्राने आपले २०० आणि ३०० रुपये आजच्या किमतीला आणावेत. जिल्ह्याच्या आमदार-खासदारांना, कोणत्याही पक्षाचे असोत, ही मागणी करायला काही अडचण नसावी. ग्रामसभेचा ठराव हा तिचा पहिला कागद होऊ शकतो.

रमजानमध्ये परभणीच्या बाजारात जकातीचे आणि सदक्याचे पैसे हातोहात फिरतात. त्यातले पुष्कळ निराधारच्या पगारात न भागलेल्या खर्चाकडे जातात. औषधाच्या दुकानातली उधारी, लाइटचे बिल, नातीची वही. देणाऱ्याला पुण्य लाभतेच, मग तो हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात चादर चढवणारा असो की जात्यावर दळणाऱ्या जनाबाईंच्या गंगाखेडात अन्नदान करणारा. पण दान देणाऱ्याच्या मनावर आणि मोसमावर चालते. जेवण मात्र बाराही महिने लागते. हक्काचे देणे झिजत जाऊन त्याची जागा दानाने भरून काढावी, असा अर्थ कोणत्याच धर्मात सापडणार नाही.

तोवर शेजाऱ्यांना करण्यासारखे एक छोटे काम आहे. हयातीचा दाखला राहिला, आधार बँक खात्याला जोडलेले नाही किंवा बोटांचे ठसे उमटत नाहीत, एवढ्यावर कित्येक वृद्धांचा पगार थांबतो. आपल्या गल्लीत असे कोण आहे, हे विचारून त्यांना सेतू केंद्रात किंवा तहसीलमध्ये घेऊन जायला अर्धा दिवस पुरतो. ते काम रोजा ठेवणाराही करू शकतो आणि एकादशी धरणाराही. ज्या ईदला फितऱ्याचा आकडा गव्हाच्या भावाने ठरतो, त्याच महिन्यात निराधारचा आकडा कशाने ठरतो, हा प्रश्न तहसीलच्या खिडकीवर विचारायला हवा. आणि उत्तर मिळेपर्यंत दर वर्षी विचारत राहायला हवा.